काचेच्या अलीकडचं पाणी

प्रदीप मालपोट्यांच्या मधल्या खोलीतल्या भिंतीवर पहिला डाग पडला तो तीन जुलैला, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. पडला असेल त्याआधीच. पण मालपोट्यांनी तो तेव्हा पाहिला, आणि ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. तसं पाहिलं तर तुंगार्लीत पावसाळ्यात भिंतीवर डाग पडणं ही काही कुणाला सांगायची गोष्ट नव्हे. इथे जुलैत चामड्याच्या चपलेला दाढी फुटते, मीठ बरणीतल्या बरणीत पाझरतं, काडेपेटी शेगडीशेजारी ठेवली तरी रुसते आणि कपाटातल्या लग्नाच्या कोटावर हिरवी नक्षी येते. माणसं "यंदा जरा कमीच आहे" असं म्हणतात आणि फडकं घेऊन पुसून टाकतात. मालपोट्यांच्या पत्नी सविताबाई फडकं घेऊन त्यासाठीच आल्या होत्या.

"थांब, पुसू नकोस," मालपोटे म्हणाले. "तो काय करतो ते बघू."

"काय करणार? वाढणार."

"किती वाढतो, कुठे वाढतो आणि का वाढतो, ते बघू."

त्यांनी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली, डागाच्या कडेकडेने बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. सविताबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या पोह्यांकडे वळल्या. नवऱ्याच्या हातात पेन्सिल असली की आपण पोह्यांकडे वळावं, एवढं त्यांना सत्तावीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

मालपोटे लोणावळ्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. शिक्षक विज्ञान शिकवतात, मी ते करतो, असं ते म्हणत. परीक्षानळ्या धुणं आणि सांगाड्यावरची धूळ झटकणं ही कामं त्यांनी इतक्या गांभीर्याने केली होती की मुलं त्यांना सर म्हणत आणि शिक्षक म्हणू देत. 'का' हा प्रश्न त्यांना लहानपणापासून चावत आला होता. दूध उतू जायला लागलं तर ते आधी कुठल्या बाजूने उतू जातंय हे बघत आणि मग गॅस बंद करत. घरात ओट्याच्या डाव्या बाजूला जास्त पुसावं लागतं हे त्यामुळेच सिद्ध झालं होतं.

आठ दिवसांत डागाभोवती आठ रेघा झाल्या. बटाटेवड्याएवढा डाग ताटाएवढा झाला. मध्ये काळपट, मग राखाडी आणि कडेला कोवळा पोपटी. मालपोट्यांनी शाळेतून भिंग आणलं आणि भिंतीला नाक लावून अर्धा तास उभे राहिले.

"अगं, इकडे ये. झाडी आहे आत, झाडी. बारीक देठ, वर गोल टोप्या."

सविताबाईंनी भिंगातून पाहिलं. त्यांनाही ते आवडलं, हे कबूल करायला हवं. मग त्यांनी विचारलं, "आता पुसू का?"

पुसायचं अर्थातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आलं. त्यात दोन तापमापी असतात. एकाला ओली वात बांधलेली, दुसरा कोरडा. दोन्ही सारखाच आकडा दाखवू लागले तर हवेत पाण्याला जागा उरली नाही असं समजायचं. दोन्ही सारखाच आकडा दाखवत होते.

"हवा भरली आहे," मालपोट्यांनी जाहीर केलं.

"हे मला दोरीवरचे टॉवेलही सांगतायत," सविताबाई म्हणाल्या.

मधल्या खोलीत दोरीवर टॉवेल काय करत होते, हे सांगायला हवं, कारण त्यात मालपोट्यांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्यांचं घर तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शनिवार-रविवारी त्या रस्त्याने पर्यटक येतात आणि जे दिसेल त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचं चित्रण करतात. जूनच्या अखेरीस एका मुलीने मालपोट्यांच्या कुंपणापाशी गिरकी घेत एक रील केलं. रील सुंदर होतं. पुढे मुलगी, मागे धुकं, आणि धुक्यात, व्हरांड्याच्या दोरीवर, मालपोट्यांची पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी वाऱ्यावर फडफडत होती. सोमवारी सातवी 'ब'मधल्या एका मुलीने अत्यंत आदराने सांगितलं, "सर, तुम्ही फेमस झालात." त्याच संध्याकाळी व्हरांड्यातल्या दोऱ्या मधल्या खोलीत आल्या. खिडक्या बंद झाल्या आणि त्यांच्या फटींना चिकटपट्टी लागली; पट्टीमुळे बाहेरचे डोळेही आत येणार नव्हते आणि ढगही. तुंगार्लीत ढग खरोखर घरात येतात. मागच्या वर्षी एक दिवाणावर बसून गेला होता.

"आत वाळतील का कपडे?" सविताबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"पंखा कशाला आहे?" मालपोटे म्हणाले होते. याची मात्र नोंद झाली नाही.

डागाची बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. आळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने व्हिनेगरने भिंत धुवायला सांगितली. ती दोनदा धुतली. दुसऱ्याने कडुनिंबाच्या पाल्याची वाफ सुचवली. दार लावून रोज संध्याकाळी मोठं पातेलं उकळलं. तिसऱ्याने मिठाची पुरचुंडी टांगायला लावली. ती तीन दिवसांत भरली आणि टपकू लागली, तेव्हा तिच्याखाली वाटी ठेवली. मालपोट्यांनी प्रत्येक उपायाला आठ दिवस दिले, प्रत्येकाचा तक्ता केला आणि प्रत्येक उपायाने डाग वाढला. त्यांना याचं दुःख होण्याऐवजी अधिकच कुतूहल वाटू लागलं. सविताबाईंच्या मते हाच खरा रोग होता.

मंगळवारी डोंगरातल्या वाडीवरून भागूबाई रानभाजी घेऊन यायची. तिने उंबऱ्यातूनच आत नाक केलं.

"दादा, घराला धाप लागलीया. खिडकी उगडा की."

"मावशी, बाहेर शंभर टक्के ओलावा आहे. उघडून काय होणार?"

"मंग बिब्बा बांदा भिताडाला," भागूबाई म्हणाली. तिला भाजी विकायची होती, वाद घालायचा नव्हता.

या दोन सल्ल्यांपैकी मालपोट्यांनी बिब्ब्याचा सल्ला मानला.

आता त्या भिंतीविषयी. मालपोट्यांचं घर जोडघर होतं. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मध्ये एक सामाईक भिंत. पलीकडे दत्तोबा केदारी राहायचे. मूळचे टाकवे बुद्रुकचे, सगळी नोकरी रेल्वेत. घाट चढताना गाडीला मागून जे इंजिन लावतात, त्या इंजिनावर. "माजा जल्म दुसऱ्याची गाडी मागनं रेटन्यात गेला," असं ते म्हणत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अख्खी आळी त्यांना आबा म्हणे. गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजता आबा त्या भिंतीवर आपल्या बाजूने बोटाच्या पेराने दोन ठोके मारत. दोन ठोके म्हणजे चहा झाला. मग मालपोटे व्हरांड्यात जात, मधल्या बुटक्या कठड्यावर आबांनी दोन कप ठेवलेले असत आणि त्या दिवसाला सुरुवात होई. मालपोट्यांच्या घरात घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे.

यंदा मे महिन्यात आबांनी मागची जुनी मोरी काढून नवीन बाथरूम बांधलं होतं. त्यांच्या पत्नी मुक्ताबाईंचे गुडघे गेले होते. त्यांच्यासाठी बसायचं कमोड, धरायला स्टीलचा दांडा आणि पाय न सरकणाऱ्या फरशा. आबा आल्यागेल्याला चहाच्या आधी बाथरूम दाखवत. मुक्ताबाई दांडा धरून उठून दाखवत. हे बाथरूम नेमकं मालपोट्यांच्या डागाच्या पलीकडे होतं.

ही गोष्ट लक्षात आली तेव्हा मालपोट्यांना तीन रात्री शोधत असलेली किल्ली सापडावी तसं झालं. पण शास्त्रज्ञ एकदम आरोप करत नाही. त्यांनी नोंदवहीत आणखी एक रकाना आखला आणि रोज सकाळी भिंतीला कान लावू लागले. आठवडाभराने, चहाच्या वेळी, ते वही घेऊनच कठड्यावर गेले.

"आबा, एक शास्त्रीय बाब आहे. मनाला लावून घेऊ नका."

"लावून घ्यायची आसंल तर कप खाली ठिवतो," आबा म्हणाले.

"तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या भिंतीत येतंय."

"न्हाई येनार. दोन दिस पानी तुंबवून बगितलंय. गवंडी माज्या भावकीतला हाय."

"माझ्याकडे नोंदी आहेत ना."

आबांनी चष्मा लावला आणि वही हातात घेतली. दिनांक, डागाची रुंदी, हवेतला ओलावा, इथवर त्यांनी मान डोलावली. चौथ्या रकान्यावर 'आ. आं.' असं लिहिलं होतं.

"ह्ये काय रं?"

"आबांची आंघोळ."

आबा वाचू लागले. 'चौदा जुलै, सहा दहा, बादल्या दीड. पंधरा जुलै, सहा पाच, बादल्या दोन. सोळा जुलै, सहा दहा, बादल्या दीड, गाणे.'

"म्या गातो त्ये बी लिवलंस?"

"पाण्याशी संबंध असू शकतो म्हणून—"

आबांनी वही मिटून कठड्यावर ठेवली, चष्मा काढला आणि ते आत गेले. कपात अर्धा चहा तसाच होता. आबांनी चहा टाकलेला मालपोट्यांनी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात वाजले, भिंत गप्प. सविताबाईंनी चहा केला, चांगला केला, आलं घालून केला. पण मालपोट्यांना तो जाईना. त्यांना वाईट वाटत होतं, खूप वाईट. पण आकडे आकडे असतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि कपावर बशी झाकून ठेवली.

"जाऊन माफी मागा," सविताबाई म्हणाल्या.

"आधी सिद्ध होऊ दे. मग मागतो."

"सिद्ध झाल्यावर कुणी माफी मागतं का?"

माफी मागायला न जाता मालपोटे कचेरीत गेले. अशा तक्रारी घेणारी एक कचेरी असते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा पाहिला.

"गळती आहे का?"

"गळती नाही, ओल आहे."

"ओलीला आमच्याकडे सदर नाही. गळती लिहा."

"पण गळत नाही ना."

"मग गळायला लागल्यावर या."

कारकुनाच्या मागच्या भिंतीवर छतापासून खुर्चीपर्यंत एक डाग उतरला होता. असा डाग मालपोट्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तीन रंग, मध्ये नद्या, कडेला बेटं. त्यांचा हात नकळत पेन्सिलीकडे गेला.

"साहेब, त्याला हात लावू नका," कारकून म्हणाला. "तो सरकारी आहे."

शेवटी अर्ज 'संभाव्य गळती' या नावाने घेतला गेला. फक्त त्याला एक कागद जोडायचा होता: ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यांचं ना हरकत पत्र. मालपोट्यांनी दोनदा विचारून खात्री केली; नियम तसाच होता. अबोला चालू असल्यामुळे त्यांनी कोरा नमुना आबांच्या दाराखालून सरकवला आणि चोरासारखे परत आले. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या दाराखालून परत आला. रेल्वेच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'माझी काही हरकत नाही. दत्तोबा केदारी.' मालपोट्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग अर्जाला टाचला.

याच सुमारास वहीत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. तीस जुलैपासून पलीकडून आंघोळीचा आवाज येईनासा झाला. बादली नाही, तांब्या नाही, गाणं नाही. मालपोट्यांनी कान लाल होईपर्यंत भिंतीला लावून पाहिला. शेवटी लिहिलं: 'आवाज बंद. बहुधा पुरावा लपवण्याचा प्रयत्न.' गंमत म्हणजे आवाज बंद झाल्यापासून डाग दुप्पट वेगाने वाढू लागला. 'म्हणजे हळूच पाणी घेत आहेत,' अशी नोंद झाली. दोन दिवसांनी आणखी एक: 'खोकला. नवीन.'

दहा ऑगस्टला कचेरीतून अभियंता राजेश्वरी मॅडम आल्या. पायात गमबूट, खांद्याला पिशवी, डोक्यावर रेनकोटाची टोपी. मधल्या खोलीत शिरताना त्यांना दोन ओल्या चादरी आणि एक परकर बाजूला सारावे लागले. त्यांनी रेघांचा नकाशा पाहिला, बिब्बा पाहिला, मिठाची वाटी पाहिली. मग भिंत पोकळ आहे का ते बघायला त्यांनी बोटाच्या पेराने दोन ठोके मारले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी झटकन उठलं होतं. मग पुन्हा शांत झालं. मालपोट्यांनी खाली पाहिलं.

आबांनाही बोलावलं. ते दारात उभे राहिले, गळ्याला मफलर गुंडाळलेला. मागे मुक्ताबाई चौकट धरून.

"पाणी कुठून येतंय ते असं वरून सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पलीकडच्या फरशा आणि कमोड काढून बघावं लागेल. तशी नोटीस काढते."

मुक्ताबाईंच्या तोंडावरचा रंग उतरला. आबा खोकले.

"माजं पानी आसंल तर फोडा," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या भितीत पानी सोडून आपुन न्हायाचं, ह्ये काय बरं न्हाई."

मालपोट्यांना घरात कुठेतरी काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, पण ते छातीत होतं. ते घाईघाईने म्हणाले, "फोडायची गरज नाही. मी प्रयोगाने दाखवतो."

आणि कुतूहल पुन्हा त्यांच्या डोळ्यांत चढलं. शाळेतून आणलेली वीतभर काच त्यांनी डागाच्या मधोमध भिंतीला टेकवली आणि चारी कडा पुट्टीने बंद केल्या. "सोपं आहे. उद्यापर्यंत काचेच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, पाणी जमलं तर ते भिंतीतून आलं. म्हणजे बाथरूमचं. काचेच्या अलीकडे जमलं, तर ते या खोलीतल्या हवेतलं. म्हणजे..."

"म्हणजे तुमचं," मॅडम म्हणाल्या.

"तात्त्विकदृष्ट्या."

मॅडमना ते पटलं. त्यांनी पुट्टीवर कागदाची पट्टी चिकटवून सही केली, आबांची आणि मालपोट्यांची सही घेतली, आणि उद्या अकरा वाजता येते असं सांगून गेल्या. अलीकडे पाणी आलं तर नोटीस रद्द, पलीकडे आलं तर बाथरूम फुटणार, हे सगळ्यांना समजलं होतं.

अकरा ऑगस्टला मालपोटे सहाला उठले. अकरापर्यंत थांबणं कुठल्याही शास्त्रज्ञाला जमलं नसतं. बाहेर नुकतं उजाडलं होतं आणि पाऊस दोरीसारखा लागला होता. त्यांनी दिवा लावला, चष्मा पुसला आणि काचेपाशी गेले.

काचेच्या पलीकडे कोरडं होतं. अगदी कोरडं, भिंतीची बुरशीसुद्धा स्वच्छ दिसत होती. काचेच्या अलीकडे थेंब होते. टपोरे, ओळीने, एकमेकांत मिसळून खाली ओघळत पुट्टीवर साचलेले. मालपोट्यांनी बोट लावलं. बोट ओलं झालं. त्यांनी दुसरं बोट लावलं, तेही झालं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, मालपोट्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. एकदा पुसलं की काच दोन्हीकडून कोरडी. प्रयोग अनिर्णित, प्रकरण दप्तरात. बाथरूम फुटलंच तर आपण वर्गणी काढू, असाही एक विचार येऊन गेला. सव्वीस वर्षं ज्या माणसाने मुलांना 'निरीक्षण बदलायचं नाही' असं बजावलं होतं, तो हातात रुमाल घेऊन आपल्याच काचेसमोर उभा होता. रुमालही ओलाच होता.

तेवढ्यात मागच्या अंगाला कुणीतरी खोकलं. बाहेर. पावसात.

मागच्या खिडकीची काच धुरकटली होती. मालपोट्यांनी त्याच रुमालाने ती पुसली, तरी दिसेना. तेव्हा त्यांनी चिकटपट्टी ओरबाडून खिडकी उघडली.

परसात, कपडे धुवायच्या दगडावर, आबा आंघोळ करत होते. कमरेला पंचा, पुढ्यात बादली. अंगावर तांब्याने पडत होतं त्याच्या दुप्पट वरून पडत होतं. शेजारी मुक्ताबाई एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने आबांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. छत्री वाऱ्याने उलटी व्हायला बघत होती.

"आबा, हे काय करताय?"

आबा दचकले. साबण घरंगळत पन्हळीत गेला.

"तुजी भित सुकती का बगतोय," ते म्हणाले. "तेरा दिस झालं, आत पान्याचा थेंब सांडला न्हाई. म्हातारी सैपाकघरात परात घिऊन बसती. म्हटलं, आपुन बंद करून तर बगू. सुकली तर माजंच पानी. मंग कुनी सांगायची वाट कशाला बगायची, आपल्या हातानं फोडायचं." त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. "सुकली का रं?"

तीस जुलैची नोंद त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती, स्वतःच्या सुबक अक्षरात: पुरावा लपवण्याचा प्रयत्न. आपण माणूस नाही, भिंतीला लावलेला कान आहोत, असं त्यांना वाटलं.

"आबा, आत जा आधी," ते म्हणाले. "बाथरूममध्ये जा. गरम पाण्याने करा. तुमचं पाणी नाहीये ते."

"मॅडम अकराला येनार हायत नव्हं?"

"अकराला तेच सांगणार आहे."

रुमाल त्यांनी दोरीवर टाकला, काचेपासून लांब.

अकरा वाजता सगळे जमले. मॅडमनी सह्या तपासल्या, बोट फिरवलं आणि लिहायला कागद काढला. "पाणी अलीकडचं. खोलीतलं. आता खोलीत एवढं पाणी आलं कुठून?"

तेवढ्यात मॅडमच्या टोपीवर वरून एक थेंब पडला. सगळ्यांनी माना वर केल्या. दोन चादरी, चार टॉवेल, परकर, लुंगी, पँटी, कालचे न वाळलेले म्हणून आजचे त्यांच्यावर घातलेले, आणि मधोमध पट्ट्यापट्ट्यांची ती.

"जूनच्या अखेरीपासून रोज बादलीभर कपडे," सविताबाई शांतपणे म्हणाल्या. "खिडक्या बंद. वर निंबाची वाफ. पाणी जाणार कुठे? आत वाळतील का, हे मी तेव्हाच विचारलं होतं."

"आणि ही भिंत सगळ्यांत गार, म्हणून ते इथेच बसलं," मालपोटे म्हणाले. आवाज लहान होता, पण मध्येच त्यात जरा जीव आला, कारण कोडं सुटत होतं. "आबांनी गरम पाणी बंद केलं तशी ती आणखी गार झाली. म्हणून डाग वाढला."

"म्हंजी म्या पावसात न्हालो, त्यानं तुजा डाग वाडला?" आबांनी विचारलं.

"हो."

आबा हसायला लागले आणि खोकायला लागले. दोन्ही एकदम होईना म्हणून खाली बसले.

"कपडे व्हरांड्यात का घालत नाही?" मॅडमनी विचारलं. "वाऱ्यावर निदान निथळतात तरी."

आता इथे मालपोटे दुसरं काहीही सांगू शकले असते. माकडं म्हणाले असते तरी चाललं असतं, लोणावळ्यात माकडांवर काहीही खपतं. पण त्या सकाळनंतर त्यांना खोटं नोंदवता येईना. त्यांनी रीलची हकिकत सांगितली. मुलगी, धुकं, फडफड, सातवी 'ब', सगळी.

मॅडमची लेखणी थांबली. त्यांनी वर दोरीकडे पाहिलं, मग मालपोट्यांकडे.

"ती तुमची होती?"

मग त्यांनी मान खाली घालून 'ओलीचा उगम' या रकान्यात 'अर्जदार' असं लिहिलं आणि सही करायला कागद पुढे केला. मालपोट्यांनी सही केली. मग ते आबांकडे वळले. माफीची वाक्यं त्यांनी मनात तीन तऱ्हांनी मांडून ठेवली होती, त्यांतली एकही सापडेना.

"आबा, चुकलो मी. डागापेक्षा त्या रकान्याचं जास्त."

आबांनी मान हलवली, मफलर नीट केला आणि मुक्ताबाईंना हाताला धरून घरी नेलं. क्षमा केली की नाही, ते काही त्यावरून कळलं नाही.

संध्याकाळी दोऱ्या व्हरांड्यात गेल्या आणि खिडक्या उघडल्या. एक ढग आत आला, हिंडला आणि समोरच्या खिडकीने निघून गेला. सविताबाईंनी खांद्यावरचं फडकं काढून भिंत पुसली. या वेळी कुणी त्यांचा हात धरला नाही. वहीतला चौथा रकाना मालपोट्यांनी पट्टी धरून, पान फाटणार नाही असा कापून काढला.

दुसऱ्या दिवशी ते साडेसहाला उठले. भिंतीपलीकडून बादलीचा आवाज येत होता, नळाचा येत होता, आणि जरा खरखरत्या आवाजात गाणंही येत होतं. त्यांनी कान लावला नाही. तसंच ऐकू आलं तेवढं ऐकलं. मग आलं किसून स्वतः चहा केला. तो उतू गेला तेव्हा त्यांनी आधी गॅस बंद केला. दोन कप कठड्यावर नेऊन ठेवले, झाकण घातलं आणि मधल्या खोलीत परत आले.

सात वाजले. भिंत गप्प होती. मॅडमचे दोन सोडले, तर एकोणीस वर्षांत या बाजूने कधी कुणी ठोका मारला नव्हता, त्यामुळे कुठे मारायचा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बोट वाकवलं आणि डागाच्या मधोमध दोन ठोके मारले. दुसऱ्या ठोक्याला भाकरीएवढा गिलावा सुटला आणि पायाच्या अंगठ्यावर पडला.

अंगठा धरून ते तसेच उभे राहिले. पलीकडे खुर्ची सरकली आणि भिंतीतून आबांचा आवाज आला.

"हळू वाजीव रं, पर्दीप. भिताड तुज्या बाजूनं कच्चं हाय."